रेषेबाहेर ठेवलेल्या चपला

विद्यापीठात मी ज्या विषयाचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्या विषयाला मराठीत धड नावसुद्धा नव्हतं. अपंगांसाठीचं शारीरिक शिक्षण आणि खेळातून उपचार, असं मी लांबलचक सांगायचो आणि समोरचा म्हणायचा, म्हणजे पीटीचे सर ना? सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. पुढे पुढे मी नुसता हो म्हणू लागलो.

निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली. एका सहकाऱ्यानं सांगितलं की सरांनी तरुणपणी एका आडबाजूच्या वसाहतीत कुष्ठरुग्णांसाठी कबड्डीची नवी पद्धत शोधून काढली आणि त्यावरच्या निबंधाची बाहेरच्या देशात दखल घेतली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि खाली बसलो. ती पद्धत मी शोधलेली नव्हती. ज्यानं शोधली त्याचा पाय माझ्यामुळे गेला. हे त्या निबंधात नाही, पुढच्या प्रबंधातही नाही, आणि त्या दिवशी माईक समोर असूनही मी ते बोललो नाही. म्हणून आता लिहितो आहे.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा व्याख्याता होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. कॉलेज नवं, इमारत अर्धीमुर्धी, मैदान मात्र ऐसपैस. काळ्या मातीचं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि गळ्यात शिट्टी अडकवली की स्वतःला सेनापती समजत होतो. आजारी किंवा अधू मुलांचं काय करायचं, याबद्दल आम्हाला पदवीला एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे त्यांना सूट द्यायची. सूट म्हणजे त्यांनी लिंबाखाली बसून बाकीच्यांचे कपडे राखायचे. मीही तशा कितीतरी अर्जांवर सह्या केल्या आणि आपण दयाळू आहोत असं मला वाटत राहिलं.

मैदानावर माझा एक नियम मात्र कडक होता. आखणीच्या रेषेबाहेर चपला काढायच्या, वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि मगच आत यायचं. प्राचार्य एकदा बूट घालून आत आले, तर मी त्यांनाही बाहेर काढलं होतं. ते ही गोष्ट कधी विसरले नाहीत.

हा नियम माझ्यात कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वसमतचा. बाप हळदीच्या अडतीवर हमाल होता. त्याच्या नखांतली हळद दसरा-दिवाळीलाही निघत नसे. आमच्या वस्तीतल्या पोरांना गावच्या तालमीत पाय ठेवायची सोय नव्हती. दारात उभं राहून आतली कुस्ती बघितली तरी कुणीतरी पाणी फेकायचं. बापानं बौद्ध धम्म घेतला, घरातले देव गेले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आली, पण तालमीचं दार होतं तिथेच होतं. शाळेत एक म्हातारा ड्रिल मास्तर होता, निजामाच्या अमलातला, दखनी बोलणारा. सातवीत असताना त्यानं कबड्डीसाठी सगळ्या वर्गाला रांगेत उभं केलं. मी सवयीनं बाजूला झालो. त्यानं माझा दंड धरून मला पुन्हा रांगेत लावलं आणि सगळ्यांना एकच हुकूम सोडला, "चप्पलां उधर निकालो, मिट्टी माथे कू लगाओ." माझ्या पायात चपलाच नव्हत्या. तरी मी रेषेपाशी थांबलो, एकेक पाय झटकून चपला काढल्यासारखं केलं, माती कपाळाला लावली आणि पाटलाच्या पोराशेजारी जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी सगळ्यांसारखा आत गेलो होतो. तेव्हापासून माझ्या लेखी अनवाणी मैदानात उतरणं म्हणजे माणसात येणं.

बूट प्रकरणानंतर वर्षभरातच प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. वाशिम रस्त्याला, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, कुष्ठरुग्णांची एक लहानशी वसाहत होती. कॉलेजनं तिथे समाजसेवा करावी असं वरून पत्र आलं होतं. तुमच्यासारखा उत्साही माणूस दुसरा नाही, असं ते म्हणाले. ही शिक्षा आहे हे मला कळलं, आणि म्हणूनच मी ती छाती काढून घेतली. पहिल्या शनिवारी माझ्याबरोबर नऊ मुलं आली. दुसऱ्या शनिवारी एकही आला नाही. त्यांच्या घरच्यांनी त्यांना परत आल्यावर दारातच आंघोळ घातली होती. मी एकटा जात राहिलो.

वसाहतीत तीस-पस्तीस माणसं असतील. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक विहीर, मलमपट्टीची खोली आणि समोर कुंपणापर्यंत मोकळी जागा. सगळ्यांच्या पायांत एकसारख्या काळ्या चपला होत्या. मऊ रबराच्या, खाली टायरचा तळ, एकही खिळा नसलेल्या. वसाहतीतलाच एक चांभार त्या करायचा. मला वाटलं, सरकारी माल दिसतो. मी कुणाला विचारलं नाही. तिथल्या सिस्टरनं सांगितलं असतं, पण मी जायला लागलो आणि दिवाळीनंतर लगेचच ती लांब रजेवर गेली. नागपूरकडे तिची आई अंथरुणाला खिळली होती. तिच्या जागी आलेला माणूस गोळ्या वाटायचा आणि रेडिओ ऐकायचा.

तिथे मला मामा भेटला. चाळिशीचा, उंच, हाडापेरानं मजबूत, कनेरगावपलीकडच्या एका खेड्यातला धनगर. सगळी वसाहत त्याला मामा म्हणायची म्हणून मीही मामा म्हणू लागलो. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळली होती, बाकी बघून काही कळायचं नाही. करगोट्याला एक लोखंडी चिमटा लटकवलेला असायचा. मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसाला काटा काढायला तो लागतो. वसाहतीत तो इतरांचे काटे काढून द्यायचा. त्याला स्वतःला काटा मोडलेला कळत नसे, हे मी नंतर ऐकलं.

मी कबड्डी म्हटल्यावर माणसं एकमेकांकडे बघून हसली. मग खेळायला लागलो, तर पहिल्याच डावात भांडण. चढाई करणारा म्हणायचा, मी शिवलो. आतला म्हणायचा, न्हाई शिवला. दोघंही खरं बोलत होते. ज्याच्या पाठीला, दंडाला संवेदनाच नाही त्याला शिवलेलं कळणार कसं? मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिलो. असल्या अडचणीवर आमच्या पुस्तकात काही नव्हतं. तेव्हा मामा पुढं झाला. म्हणाला की आमी कळपातली मेंढी वळखाया गेरूचा ठिपका देतो, तसं करा. जो चढाईला जाईल त्यानं गेरूत हात बुडवून जावं, ज्याच्या अंगाला गेरू लागला तो बाद. पुढच्या शनिवारी मी हिंगोलीच्या बाजारातून गेरू नेला आणि एका फुटक्या घमेल्यात कालवला. भांडण मिटलं. डाव संपला की सगळ्यांच्या अंगांवर तांबडे पंजे उमटलेले असायचे, आणि ते एकमेकांना दाखवून ही माणसं इतकी हसायची की मलमपट्टीवाला रेडिओ बंद करून बाहेर येऊन बघायचा.

मी त्यांच्यासाठी आखणी केली. नदीकाठची माती आणून, चाळून, मुरमावर पसरली. आणि पहिल्याच दिवशी, सगळे रेषेपाशी जमल्यावर, मी माझा हुकूम सोडला. चपला बाहेर, माती कपाळाला, मग आत. क्षणभर कुणी हललं नाही. काही जणांनी मामाकडे बघितलं. मामानं माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यानं वाकून आपल्या चपला काढून रेषेबाहेर नीट जोडून ठेवल्या. त्याच्यामागून सगळ्यांनी काढल्या. ते का थबकले होते, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. मला स्वतःला भरून आलं होतं.

हाताला, पाठीला कळत नाही म्हणून मी गेरू आणला. पायालाही कळत नसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. कितीदा तरी मी यावर विचार केलाय. माणूस एवढा आंधळा कसा असू शकतो, तर असा, आपल्याच कौतुकात असला की.

त्या हिवाळ्यात मी एकही शनिवार चुकवला नाही. मामा सगळ्यांत चांगला खेळायचा. दम असा की चढाईत आवाज कुंपणापलीकडे रस्त्यावर ऐकू जायचा. विश्रांतीला बसलो की तो घरचं सांगायचा. त्याला घरातून काढून आठ वर्षं झाली होती. गोळ्या मात्र त्यानं एक दिवस न चुकता खाल्ल्या होत्या. आता आजार थांबलाय, याच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असा डॉक्टरचा कागद त्याला वैशाखापर्यंत मिळणार होता. कागद मिळाला तरी गाव त्याला घरात राहू देणार नव्हतं. पण त्याच्या बायकोनं एक वाट काढली होती. दिवाळी झाली की त्यांचा कळप चारणीला निघायचा तो मृगाच्या तोंडालाच परत यायचा. सात-आठ महिने रानात. मेंढरामागं चालणाऱ्याला कोणी घर विचारत नाही, पंगत विचारत नाही. भाऊही कबूल झाला होता. म्हणजे मामाला आपल्या माणसांत राहायला जागा होती ती एवढीच, कळपामागची. आणि ती चालत राहण्यावर होती.

बायको वर्षातून दोनदा कुंपणाशी यायची. एकदा मी तिला बघितलं. ती बाहेर उभी राहून बोलत होती आणि मामा आतून एकेका मेंढीची चौकशी करत होता. कोणती व्याली, कोणती लंगडते, नवा एडका कसा निघाला. तिनं जाताना मला विचारलं की यांचा कागद बराबर येईन ना. मी तिला छातीठोक सांगितलं, येणार म्हणजे येणारच. आपल्या हातात काही नसताना आश्वासनं देण्याचा मला फार शौक होता.

फाल्गुनातल्या एका शनिवारी, पाच-सहा डाव झाल्यावर, मामाच्या उजव्या टाचेजवळ मला तांबडं दिसलं. मातीतही एकदोन ठिकाणी डाग होते. कुणाचा तरी गेरूचा हात लागला असेल असं मी समजलो. मी तर गमतीनं ओरडलो, मामा, पायाला शिवलंय, बाद व्हा. तो हसला आणि बाहेर जाऊन बसला. त्यानं फडक्यानं पाय पुसला आणि चपला घातल्या. संध्याकाळची बस गाठायची म्हणून मी निघालो. बसचा थांबा हिंगोलीच्या बाजूला ओढ्याच्या पुलाशी होता आणि मी नेहमी घाईत असायचो. म्हणूनच तिथली संध्याकाळ मी कधी बघितली नव्हती. रोज संध्याकाळी ही माणसं पाण्यात पाय भिजवून बसतात, तेल लावतात आणि एकमेकांचे तळपाय बघतात, कारण दुखून सांगायचं काम त्यांच्या पायांनी सोडून दिलेलं असतं. चार महिने जाऊन मला हे ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी मी गेलो तर मामा मैदानात नव्हता. ताप आलाय, असं कळलं. मी डाव सुरू केला. इतक्यात सिस्टर आली. ती दोनच दिवसांपूर्वी रजेवरून परतली होती. मी तिला त्या आधी नीट बघितलंही नव्हतं. ती रेषेबाहेरच्या चपलांच्या रांगेपाशी उभी राहिली. बराच वेळ त्या चपलांकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं की या चपला कोणी काढायला सांगितल्या.

मला वाटलं, तिला कौतुक वाटतंय. मी तिला सगळं सांगितलं. मैदानाचा मान, मातीचा मान, इथे कुणी रोगी नाही, सगळे खेळाडू. माझं लहानपण, ड्रिल मास्तर, काहीही ठेवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "सर, या लोकांना मी संडासलासुद्धा अनवाणी जाऊ देत नाही. चला, तुम्हाला काही दाखवते."

मामा खाटेवर होता. उजवा पाय घोट्याच्या वर सुजून काळानिळा झालेला. खोलीत घुसल्याबरोबर वास आला. सिस्टरनं परवा त्याच्या टाचेतून बाभळीचा काटा काढला होता, त्याच्याच चिमट्यानं. तो तिनं कागदात ठेवला होता. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा असेल. तो काटा आत घेऊन हा माणूस दोन शनिवार खेळला होता आणि मधले दिवस चालला होता. टाचेचं हाड सडलं होतं. जखम दाखवली असती तर कागद लांबला असता आणि खेळही बंद झाला असता, म्हणून तो संध्याकाळी इतरांना पाय बघू देत नव्हता. आपला आपण बघतो, असं सांगायचा.

मी खाटेशी बसलो.  मामाच म्हणाला, "मला ठाव होतं, मास्तर. चपला काढायच्या न्हाईत हे आमाला समद्याईला ठाव होतं."

"मग काहून काढल्या, मामा?"

"तुमी सगळ्यासारखं बोलावलं ना. आठ सालात कोनी चपला काढून आत या म्हनलं न्हवतं. मंग त्यात पायाचं काय काढता."

माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं मोठं मानलं नाही आणि कुणी एवढं लाजवलंही नाही. मी बाहेर येऊन विहिरीच्या मागं जाऊन रडलो. रडून काय होणार होतं?

चैत्रात मोठ्या गावच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापला. मी रजा काढून आठ दिवस तिथे राहिलो. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा तारीख विचारली. कागद वैशाखात आला, ठरल्याप्रमाणे. त्यात लिहिलं होतं की रुग्ण घरी जाण्यास योग्य आहे.

खेळ मी बंद केला. रेषा पुसल्या, गेरूचं घमेलं विहिरीपाशी पालथं पडलं. वसाहतीत जायचं टाळायला लागलो आणि त्या उन्हाळ्यात खोलीत बसून तो निबंध लिहिला. संवेदना गेलेल्या खेळाडूंसाठी स्पर्श ओळखण्याची सोपी पद्धत. गेरूबद्दल सविस्तर लिहिलं. पायांबद्दल एकच वाक्य होतं: 'सुरुवातीस खेळाडू मैदानात अनवाणी उतरत, पुढे ही प्रथा बंद करण्यात आली.' कोणी उतरवलं, कोणी बंद केली, कशामुळे, काही नाही. अशी वाक्यं लिहायला मी तेव्हा शिकलो, आणि नंतर माझ्या विद्यार्थ्यांनाही शिकवली. निबंध छापून आला. त्याच्या जोरावर मला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली, त्याच्या जोरावर नोकरी, आणि नावामागे डॉक्टर लागलं ते त्यामुळेच.

मामा आषाढात घरी गेला होता, कळप गावात असताना. दिवाळी झाल्यावर मला राहवेना, म्हणून मी त्याच्या खेड्याला गेलो. कळप चारणीला निघून चार दिवस झाले होते. बायको आणि भाऊ मेंढरांबरोबर गेले होते. त्यांना जाणं भागच होतं. घर बंद होतं आणि मामा गोठ्याच्या छपरात बाजेवर बसला होता, कुबड्या शेजारी. शेजारची एक म्हातारी दोन वेळा भाकरी आणून लांबच्या दगडावर ठेवायची. तिथपर्यंत त्याला कुबड्यांवर जाऊन ती आणावी लागायची. तिचंही चुकत नव्हतं. तिला नातवंडं होती. मी आलेला बघून त्याला आनंद झाला. तो उठायला लागला, मी त्याला बसवलं.

मी माफी मागणार होतो. बसमध्ये सगळं मनात घोळवून आलो होतो. त्यानं मला सुरुवातच करू दिली नाही. विचारलं, शनवारचा खेळ कसा चाललाय? मी म्हणालो, बंद केला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा चिडलेला बघितला.

"बंद काहून केला? माझा पाय गेला तो गेला. त्याच्यापायी बाकीच्याईला काहून बसवलं? चपला घालून खेळा म्हना की. त्याच्यात तुमचं काय जाऊन राहिलं?"

माझं जे जात होतं, सातवीत त्या रेषेपाशी मिळालेला मान, ते मी त्याला सांगू शकलो नाही. संध्याकाळी तो हळूच म्हणाला की मला परत तिकडंच नेऊन सोडा. इथं मेंढरंबी न्हाईत आन मानसंबी न्हाईत.

दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्यावरून एक बैलगाडी ठरवली आणि आम्ही वसाहतीत आलो. गाडी बघून माणसं बाहेर आली. मामानं गाडी मैदानापाशी थांबवायला लावली. तिथं आता काही आखणी नव्हती, पण मध्यरेषेचा चुना अजून कुठे कुठे दिसत होता. मी खाली उतरलो आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप झटकले. एक चप्पल निघालीसुद्धा.

"चपला राहू द्या, मास्तर," मामा गाडीतून म्हणाला. "तुमी काढल्या की हे बी काढतेत."

मी चप्पल पुन्हा पायात घातली. माती कपाळाला लावली आणि चपलेसकट आत गेलो. तेव्हा मला तो म्हातारा ड्रिल मास्तर आठवला आणि त्याची माफी मागावीशी वाटली. पण त्यालाही कदाचित पटलं असतं.

खेळ सुरू झाला. सगळे चपला घालून, त्या घसरू नयेत म्हणून पट्ट्यांवरून सुतळी बांधून. मामा पंच झाला. खुर्चीवर बसून कुणाला गेरू लागला ते सांगायचा. चांभारानं त्याच्यासाठी नव्या चपलेचं माप घेतलं आणि डाव्या पायाची एकच केली. ती देताना तो चांभार मान वर करून बघत नव्हता.

माघात एका शनिवारी मी बसमधून उतरून चालत येत होतो, तर समोरून मेंढरं. रस्ताभर धूळ. कळप वाशिमकडून परतून पुढच्या रानाला निघाला होता. वसाहतीच्या फाटकापाशी मामाची बायको थांबलेली होती आणि मामा कुबड्या घेऊन बाहेर आला होता.  मेंढरं त्याच्या दोन्ही अंगांनी जात होती. एकदोन जुन्या मेंढ्यांनी त्याच्या धोतराला तोंड लावून बघितलं. मग मागची मेंढरंही पुढे गेली, भावानं लांबून हाळी दिली, आणि बायको निघाली. मामाही निघाला, कळपामागून.

मी त्याला थांबवलं नाही. मागून चालत राहिलो. कुबड्यांवर तो कुंपण संपेपर्यंत गेला, तिथून बाभळींपर्यंत, तिथून ओढ्याच्या पुलापर्यंत. तोंडानं मेंढरांना हाकायचा तो ठरलेला आवाज काढत होता. कळप त्याच्यापासून लांब लांब होत गेला. पुलावर तो थांबला. मेंढरं वळणापलीकडे गेली तरी धूळ बराच वेळ दिसत होती.

मग तो पुलाच्या कठड्यावर बसला आणि करगोट्याचा चिमटा सोडून माझ्या हातात दिला.

"लई चाललो, मास्तर. पाय बघा."

मी रस्त्यात गुडघे टेकले. त्याची एकुलती चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला, ओंजळभर पाणी आणून तळवा धुतला आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत सगळा बघितला. कुठे काही नव्हतं. मी तसं सांगितलं आणि चप्पल घालायला घेतली. मग पुन्हा बाजूला ठेवली आणि परत एकदा पहिल्यापासून बघितलं.